शहामृगासारखे डायनासोर: टांझानिया आणि जबलपूरचे ठिपके नकाशावरून का गेले?

रेघाटी
गेले काही महिने मी डायनासोरच्या कमरेच्या हाडांची रेखाटनं करतोय. सध्या गॅलिमिमस या शहामृगासारख्या डायनासोरवर अडकलोय. कमरेचं वरचं हाड, इलियम, लांबट; खालचं पुढचं, प्युबिस, पुढे-खाली उतरून टोकाशी बुटासारखं पसरलेलं; आणि खालचं मागचं, इश्चियम, खाली जाताजाता पुढे वळतं. ती वळणाची रेघ चारदा खोडली तरी मनासारखी येत नाहीये.

प्रश्न असा. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकातल्या नकाशात या शहामृगी कुळाची हाडं सापडल्याचे ठिपके मंगोलिया, कॅनडा आणि अमेरिकेबरोबर टांझानियात आणि जबलपूरलाही आहेत. नव्या पुस्तकात हे दोन गायब. नवीन काही सापडलं, की जुन्याच हाडांचा अर्थ बदलला? आणि त्यात कमरेच्या हाडांचा वाटा किती?

खडकवेडी
मुख्यतः जुन्याच हाडांचा अर्थ बदलला.

टांझानियाचा ठिपका म्हणजे एलाफ्रोसॉरस. तेंडागुरूच्या जर्मन उत्खननातला, जीवाश्मतज्ज्ञ यानेन्शने १९२० मध्ये नाव दिलेला, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. कवटी मिळालीच नाही. लांब मान, सडपातळ धड, मांडीपेक्षा लांब नडगी, एवढ्यावर तो अनेक वर्षं शहामृगी कुळात धरला गेला. पण वेगाने पळणाऱ्या कुठल्याही प्राण्याचे पाय लांबच होतात. त्यावरून नातं ठरवणं धोक्याचं.

तुम्ही कमरेचं विचारलंत म्हणून मुद्दाम सांगते. सेरॅटोसॉर या डायनासोरांच्या वेगळ्याच गटात इलियमला खालच्या बाजूने एक खुंटी असते आणि ती प्युबिसच्या खळग्यात बसते. सुतारकामातल्या सांध्यासारखं. शिवाय वाढलेल्या प्राण्यात कमरेची हाडं बहुधा एकमेकांना जुळून जातात. गॅलिमिमसच्या कुळात ती खुंटी नसते. मी हाडं बघते तेव्हा आधी सांध्याचा पृष्ठभाग बघते, हाडाचा बाहेरचा आकार नंतर. अर्थात एलाफ्रोसॉरसचा निकाल एकट्या कमरेवर लागला नाही. मानेचे मणके, नडगी, पाऊल, सगळं पुन्हा तपासून राऊहुट आणि करानो यांनी २०१६ मध्ये सविस्तर वर्णन केलं आणि त्याला सेरॅटोसॉरांमधल्या नोआसॉरिड कुळात ठेवलं. गॅलिमिमसच्या पावलात मधलं लांब हाड वरच्या टोकाला चिमटल्यासारखं निमुळतं होतं. एलाफ्रोसॉरसमध्ये तसं नाही.

जबलपूरची गोष्ट याहून साधी आहे. बारा सिमला टेकडीच्या लामेटा नावाच्या खडकथरांतून मिळालेल्या काही मणक्यांना ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ मध्ये ऑर्निथोमिमॉइडिस म्हटलं, म्हणजे शहामृगी कुळासारखा. ते मणके आता अबेलिसॉर या सेरॅटोसॉरांमधल्याच गटाच्या बाजूचे मानले जातात. नुसत्या मणक्यांवर एवढा मोठा भूगोल उभा करायला नको होता, असं माझं ठाम मत आहे.

चिखलपाऊल
कमरेवरही फार विसंबू नका. जीवाश्मतज्ज्ञ चॅटर्जींनी १९९३ मध्ये टेक्सासच्या ट्रायासिक, म्हणजे डायनासोरांच्या सुरुवातीच्या काळातल्या, थरांतल्या शुवोसॉरसची बिनदातांची कवटी पाहून तो शहामृगी डायनासोर असावा असं मांडलं होतं. तसं असतं तर हे कुळ २० कोटी वर्षांहून जुनं ठरलं असतं. मग २००६ मध्ये न्यू मेक्सिकोचा एफिजिया प्रसिद्ध झाला. तोही बिनदाती, दोन पायांवर चालणारा, आणि प्युबिसच्या टोकाला चक्क तुमचा तो बूट! पण घोटा मगरीच्या वंशाचा, म्हणजे तो डायनासोरच नव्हे. शुवोसॉरस त्याचाच जवळचा नातेवाईक निघाला.

रेघाटी
हे वाचून मी माझं रेखाटन परत काढून बघितलं. इलियम आणि प्युबिस जिथे भेटतात तिथे मी सरळ छाया भरून टाकली होती, सांधा दाखवलाच नव्हता. बुटाच्या आकारावर मात्र दोन संध्याकाळी घालवल्या.

मग आफ्रिकेत एकही ठिपका ठेवायचा नाही का?

खडकवेडी
एक ठेवा. दक्षिण आफ्रिकेतला न्क्वेबासॉरस, नाव २०००चं. २०१२च्या अभ्यासात तो या कुळाच्या अगदी बुडाशी आला. मात्र त्याचं स्थान सगळ्यांना मान्य नाही, म्हणून पोकळ ठिपका. स्पेनचा पेलेकॅनिमिमस मात्र भरीव काढा: बारीक बारीक २०० हून जास्त दात असलेला, तरी याच कुळातला. आणि सांध्याची रेघ झाली की इथे टाका, मला बघायचीये.