मदत हवी आहे: वय वंदना कार्डाच्या भरवशावर मेडिक्लेम सोडू का?
नमस्कार मंडळी, मी ७४ आणि सौ. ७१, पेन्शन नाही, एफडीच्या व्याजावर घर चालतं, त्यात मागच्या वर्षी १५एच (व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म) द्यायचा राहिला नि बँकेनं टीडीएस कापला. सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला तरी आमचा मेडिक्लेम ६८ हजारांवर गेलाय. परवा डबी उघडली तर हिनं बीपीच्या गोळ्या अर्ध्या मोडून ठेवलेल्या, पुरवून घ्यायला, जीव तुटला हो. वय वंदना कार्डावर ७० वर्षांवरच्यांना सरकारच्या आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, पण दोघांत मिळून तेवढेच. कुणी अँजिओप्लास्टीला हे कार्ड खरंच वापरलंय का? दवाखान्यानं वर पैसे मागितले का? हप्त्याची तारीख जवळ आलीये, कृपया अनुभव सांगा.