दोन तृतीयांश आमदार फुटले की पक्ष आपोआप त्यांचा होतो का?

शिवसेनेच्या 55 पैकी 40 आमदार शिंदेंकडे गेले. दोन तृतीयांश म्हणजे 37. मग अपात्रतेवरून एवढा वाद का?

— तिथेच सगळे गल्लत करतात. पक्षांतरबंदी कायद्यातली एक तृतीयांश 'फुटी'ची पळवाट (तेवढे आमदार फुटले की अपात्रता टळायची) 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने गेली. आता दोन तृतीयांशांना संरक्षण मिळतं ते फक्त विलीनीकरणात. शिंदे गट कुठेच विलीन झाला नाही, 'आम्हीच मूळ पक्ष' म्हणाला.

— चिन्हाचा मामला वेगळा. तो 1968 च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद 15 खाली निवडणूक आयोग बघतो: उद्दिष्टं, पक्षाची घटना, बहुमत. 8 ऑक्टोबर 2022 ला धनुष्यबाण गोठवला, 17 फेब्रुवारी 2023 ला शिंदेंना दिला. शिवसेनेची 2018 ची पक्षघटनाच लोकशाहीला धरून नाही असं आयोगाने म्हटल्यावर ती कसोटी बाद. उरलं विधिमंडळातलं बहुमत. (पक्षाची घटना कपाटात ठेवायचा कागद नव्हे!)

— भर घालतो: व्हिप, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणारा प्रतोद, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा (म्हणजे पक्षाच्या आमदारांच्या गटाचा) नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 ला सांगितलं. त्यामुळे शिंदे गटाच्या भरत गोगावलेंची प्रतोद म्हणून नेमणूक बेकायदा ठरली. अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांकडेच. 10 जानेवारी 2024 ला त्यांनी दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र केलं नाही.