मदत हवी आहे : कथेची एकांकिका करताना निवेदनाचे काय करावे?

नमस्कार. मी अनेक वर्षे दिवाळी अंकांसाठी कथा लिहीत आलो आहे. आता एका महाविद्यालयीन संघाने माझ्याच एका कथेवरून पाऊण तासाची एकांकिका लिहून मागितली आहे. संवादांची मला फारशी धास्ती नाही. घोडे अडले आहे ते निवेदनापाशी.

उदाहरणार्थ, मूळ कथेत असे वाक्य आहे : ‘घर विकायचे ठरल्यापासून मामी कुणाशीच भांडेनाशी झाली.’ मामीचा आधीचा स्वभाव, नंतरचे मौन आणि मधला काळ हे सारे वाचकाला त्या एका ओळीत मिळते. रंगमंचावर मात्र न भांडणे दाखवायचे, तर आधी भांडण दिसायला हवे. शेजारणीच्या तोंडी ‘हल्ली मामी गप्पच असते’ असे वाक्य घातले, तर माझे निवेदनच लुगडे नेसून आल्यासारखे वाटते. म्हणून सध्याच्या खर्ड्यात पहिल्या प्रवेशात मामा बशीत चहा ओतून भुरके मारतो आणि मामी त्याला धारेवर धरते. तिसऱ्या प्रवेशात तो तिला बोलते करण्यासाठी मुद्दाम मोठ्याने भुरका मारतो, पण ती खाली मान घालून वाती वळत राहते. एवढ्यावरून प्रेक्षकांना उमगेल, की हे फारच सूचक होते आहे?

कथेतील तीन वर्षांचा काळ हा दुसरा पेच आहे. सूत्रधार आणला तर तो सुटेल, परंतु दिग्दर्शकाला सूत्रधार नको आहे आणि मलाही ती पळवाटच वाटते. सगळे एका संध्याकाळीत, घराचा व्यवहार ठरण्याच्या दिवशी बसवावे, असा विचार आहे. मात्र मग मामीचे हळूहळू मिटत जाणे कसे दाखवावे, हे सुचत नाही.

जयवंत दळवींनी ‘अंधाराच्या पारंब्या’ या आपल्याच कादंबरीवरून ‘बॅरिस्टर’ हे नाटक लिहिले. ती दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून, कादंबरीतील कोणता भाग नाटकात संवाद झाला आणि कोणता गाळला गेला, हे मी ताडून पाहतो आहे. एकाच लेखकाने दोन प्रकारांत हाताळलेली अशी आणखी उदाहरणे, विशेषतः कथेवरून एकांकिका झालेली, कुणी सुचवू शकेल का?

ज्यांनी दोन्ही प्रकार लिहिले आहेत, त्यांना आणखी एक विचारावेसे वाटते : मूळ कथा समोर ठेवून लिहावे, की ती कपाटात बंद करून केवळ पात्रांच्या आठवणीवर लिहावे? संघाचे पहिले वाचन पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे खर्डा पुन्हा नव्याने लिहिण्याइतका वेळ अजून हाताशी आहे.