हीमोडायलिसिस सुरू असताना स्वतःवरची फिल्म: फोन, आवाज, वॉर्ड (चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

एका हाताने

आठवड्यातून तीन डायलिसिस: सोम, बुध, शुक्र, सकाळी ७ ते ११. फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हातात, मनगटाच्या वर. या सगळ्यावर साधारण २० मिनिटांची फिल्म करायची आहे, शूटिंगपासून एडिटिंगपर्यंत एकट्यानेच. सामान म्हणजे अँड्रॉइड फोन, कॉलरला लावायचा वायरवाला माइक आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. चार तास डावा हात हलवता येत नाही, मग फोन कशावर ठेवायचा? ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकतात, त्याचं काय? आणि व्हॉइसओव्हर मंगळवारचा एक आणि रविवारचा भलताच, जोडला की खटकतो. डॉक्टरांची हरकत नाही. धीर देणारी उत्तरं नकोत, कामाचं सांगा.

मोहरीची उशी

वॉर्डपुरतं सांगते. परवानगी लेखीच घ्या, ‘काढा की’ एवढ्यावर जाऊ नका. कागदावर दिवस, खुर्ची आणि ‘इतर पेशंट दिसणार नाहीत’ हे तिन्ही असू द्या. टेक्निशियन आणि सिस्टरना वेगळं विचारा. युनिटने हो म्हटलं म्हणजे त्यांनी म्हटलं असं होत नाही. फ्रेम लावताना मागचा पांढरा बोर्ड बघा, त्यावर बऱ्याचदा दिवसभराच्या पेशंटांची नावं असतात. मशीनच्या स्क्रीनवरही नाव किंवा नोंदणी क्रमांक असू शकतो.

फोनसाठी ट्रायपॉड नको. तीन पाय पसरले की जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात येतात, आणि तुमचं बीपी एकदम उतरलं तर धावत येणाऱ्या माणसाच्या वाटेत तोच असतो. सलाइनच्या स्टँडला किंवा मशीनला क्लॅम्प अजिबात लावू नका. जेवणाचं चाकांचं टेबल मिळत असेल तर ते उजव्या बाजूला घ्या, चाकं लॉक करा आणि त्यावर बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तसली मोहरीची उशी ठेवा. फोन तिच्यात रुततो, हवा तसा कलता राहतो, हलत नाही. उशी झिपच्या जाड प्लास्टिक पाउचमध्ये घाला, कारण कापड पुसून निर्जंतुक होत नाही. घरी निघताना पाउच, फोन, रिमोट सगळं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा. स्प्रे थेट फोनवर मारू नका, चार्जिंगच्या भोकात जातो.

चालू-बंद करायला सेल्फी स्टिकबरोबर मिळतो तो ब्लूटूथ रिमोट उजव्या हातात. चार्जर मशीनजवळच्या सॉकेटमध्ये नको, पॉवर बँक न्या.

एक गोष्ट मात्र फ्रेमसाठी कधीच करू नका: फिस्टुलाच्या हातावर शाल. चित्र छान दिसतं, मान्य. पण पंप मिनिटाला ३०० मिलीच्या आसपास रक्त फिरवत असतो. सुई निसटली आणि हात झाकलेला असला, तर कुणाच्या लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. याच कारणाने दिवे मालवायलाही सांगू नका. सुया घालतानाचं आणि काढतानाचं शूटिंग करायचं तर फोन आधीच लावून सोडा. मधे ‘सिस्टर, जरा इकडून’ नाही.

पंचवीस फ्रेम

पट्ट्यांचं कारण सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर (एका फ्रेममध्ये उजेड किती वेळ घ्यायचा ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये त्या झपक्यांची पूर्ण आवर्तनं मावतात आणि पट्टे जातात. फोन ऑटोवर असला की उजेड बघून शटर १/१२० वगैरे करतो, तिथेच घोटाळा होतो. ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा, दोन्ही फुकट आहेत. शटर १/५०, सेकंदाला फ्रेम २५, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) आणि एक्स्पोजर (उजेड) लॉक. फोन २५ देत नसेल तर ३० चालेल, शटर तेच. आणि एअरप्लेन मोड, नाहीतर नेमका फोन वाजून रेकॉर्डिंग तुटतं. त्या मोडमध्ये ब्लूटूथ बंद पडलं तर ते परत चालू करा म्हणजे रिमोट चालेल.

फोर-के नको. १०८०पी, ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट) तासाला २२.५ जीबी होतात, तुमच्या लॅपटॉपला तेवढंच पुरे.

कान देऊन ऐका

आवाज जुळत नाही याचा दोष माइकचा नाही, वाराचा आहे. तुमच्या वेळापत्रकात शुक्रवार ते सोमवार हे मोठं अंतर. रविवारी संध्याकाळपर्यंत अंगात पाणी साठलेलं असतं, श्वास आखूड होतो, वाक्य मधेच तुटतं. डायलिसिसच्या दिवशी दुपारी आवाज सपाट, थकलेला. म्हणून व्हॉइसओव्हर मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळीच, त्याच खोलीत, त्याच जागी. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्याकडे तोंड करून बसा, भिंतींचा घुमारा जातो. माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटर, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. दर वेळी शेवटी ६० सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा, जोडकामात ती लागतेच.

कोरड्या तोंडाने शब्दांमध्ये चिकट ‘टक टक’ येते. इतरांना आम्ही पाणी प्या सांगतो, तुम्हाला पाण्याचं माप आहे. त्यामुळे गुळणी करून थुंका, दर दहा मिनिटांनी. बर्फ चघळला तर तोही मापात धरा.

वॉर्डमध्ये आवाज आणि चित्र वेगळं समजा. टीव्हीवर गाणं चालू असेल तर तुमच्या बोलण्याखालून ते नीट काढता येत नाही, आणि यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो. पहिल्या दिवशी बोलूच नका, फक्त मशीनचा अलार्म, पंपाची घरघर, चाकांचा आवाज असे दोन-दोन मिनिटांचे तुकडे गोळा करा.

आता खरी मजा. फिस्टुलाला स्वतःचा आवाज असतो, वाऱ्यासारखा, ठोक्याच्या लयीत. स्वस्तातला स्टेथोस्कोप घ्या, रबरी नळी जिथे दोन फाटे होतात त्याच्या अलीकडे कापा, कॉलर माइकचं बोंड नळीत एक सेंटिमीटर आत सारा आणि फट टेपने बंद करा. हवा गळली तर खालचा आवाज निघून जातो, बहुतेकांचं इथेच फसतं. डायफ्रॅम (स्टेथोस्कोपची चकती) हातावर नुसता टेकवा, दाबू नका. बँडेजपट्टीने आवळणं तर नकोच. सुई टोचलेल्या जागेवर नाही, तिथून बाजूला, आणि डायलिसिस नसलेल्या दिवशी. ॲपमधलं नॉइज रिडक्शन आणि लो-कट (खर्ज कापणारी सोय) बंद करा. ते चालू राहिलं तर फोन तोच आवाज गोंगाट समजून पुसतो. तपासणी हेडफोनवर, फोनच्या स्पीकरला एवढा खर्ज झेपत नाही.

एका हाताने

स्टेथोस्कोपचं डोक्यातही आलं नव्हतं. @पंचवीस फ्रेम, सेटिंग केलं, पट्टे गेले. पण घरी लॅपटॉपवर क्लिप लांब असली की ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. आणि दुसरं, सोमवार आणि मंगळवारचा क्लोजअप शेजारी लावला तर माणूसच वेगळा वाटतो.

पंचवीस फ्रेम

फोन फ्रेमचा वेग थोडा वर-खाली करत राहतो, त्यामुळे ओठ सुटतात. एडिटला घेण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप काढा. मूळ फाइल मात्र ठेवायची.

कात्री

चेहऱ्याचं: सोमवारी सकाळी डायलिसिसआधी दोन-तीन किलो पाणी जास्त असतं, डोळ्यांखाली सूज दिसते. ती लपवायला जाऊ नका, लपत नाही. एकाच बोलण्याचे तुकडे एकाच प्रकारच्या दिवशी घ्या, एवढं पाळा. उलट, सूज हाच मुद्दा करायचा असेल तर घरातली एकच खुर्ची, एकच खिडकी, एकच वेळ ठरवा आणि सोमवार पहाट व मंगळवार पहाट लागोपाठ लावा. निवेदनाची गरजच उरणार नाही.

शूटिंगचा हिशोब आधी करा, नाहीतर एडिटिंग तुम्हाला खाईल. दिवसाला १० मिनिटं, आठवड्याला तीन दिवस, १२ आठवडे: सहा तास, म्हणजे सुमारे १३५ जीबी. २० मिनिटांच्या फिल्मला हे अठरापट आहे, यापुढे जाऊ नका. दोन हार्ड डिस्क, एक घरी आणि एक दुसऱ्या घरी. फॉरमॅट एक्सफॅट, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही.

त्याच संध्याकाळी वहीत एक ओळ: तारीख, डायलिसिस होतं की नाही, फाइलचा क्रमांक, काय आहे, चांदणी द्यायची की नाही. डायलिसिसच्या दिवशी एकही क्लिप उडवायची नाही; त्या दिवशी सगळंच टाकाऊ वाटतं. एडिट २५ मिनिटांच्या बैठकीत, प्रॉक्सी फाइल्सवर (मूळ क्लिपच्या हलक्या नकला). डावा हात टेबलाच्या कडेवर दाबून बसू नका. फोनचा पट्टा, बॅग, हार्ड डिस्कचं पाउच, काहीही त्या हाताला अडकवायचं नाही.

कागदपत्र

कडू वाटेल, पण एकट्याने चाललेलं काम आहे म्हणून लिहितो. हॉस्पिटलात अचानक भरती व्हायला लागलं तर फिल्म कोण पुढे नेणार? हार्ड डिस्कवर ‘आधी हे वाचा’ नावाची एक पानाची फाइल ठेवा: कोणता कट ताजा, पासवर्ड कुणाकडे, काय अजिबात वापरायचं नाही. दर पंधरा दिवसांनी तारीख टाकून बदला.

फिल्मचे हक्क कुणाला द्यायचे असतील तर सही केलेला लेखी करार हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून दोन्ही लिहाच. कॅमेऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकाची संमती डायलिसिस लागण्याआधी घ्या. बीपी उतरलेल्या माणसाने मान डोलावली तर ती संमती नव्हे.

एका हाताने

हे पान आजच करतो. स्टेथोस्कोपची नळी कापायला कात्री की ब्लेड?

कान देऊन ऐका

ब्लेड, सरळ काप. तिरका गेला तर टेप नीट बसत नाही. आणि कापायचं काम दुसऱ्या कुणाच्या हातून करून घ्या, डाव्या हाताजवळ ब्लेड नको.