घुमान, अमृतसर, आनंदपूर साहिब: आईबाबांना घेऊन आठवडाभराची यात्रा कशी आखू?

जालन्याची_लेक
नमस्कार मंडळी. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या वारी आहे, नांदेडला सचखंडला पण कायम जाणं असतं, आता आईने धरलंय की नामदेव महाराज पंजाबात जिथे राहिले ते घुमान बघायचंच. आणि तिकडे जातोच आहोत तर सुवर्णमंदिर, तरनतारन, गोइंदवाल, आनंदपूर, फतेहगढ साहिब, पटियाला, जमलं तर कर्तारपूर अशी यादी बाबांनी करून ठेवलीये. नाताळात आठवडाभर सुट्टी मिळतेय. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार जमत नाहीत. बाबांना तंबाखूची सवय. एवढं सगळं होईल का, राहायचं कुठे, आणि तिथे आपल्या हातून काही चुकू नये म्हणून काय पाळायचं तेही सांगा प्लीज.

भटका_विदर्भी
ताई पहिले तारीख बदला. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं असं पडतं की गाड्या तासन्‌तास लेट होतात आणि सकाळी हायवेवर समोरचा ट्रक दिसत नाही, म्हातारी माणसं सोबत असताना कशाला. दुसरं म्हणजे नाताळाच्याच दिवसांत फतेहगढ साहिबला शहीदी जोडमेळा असतो, गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांना सरहिंदच्या नवाबाने भिंतीत चिणून मारलं त्यांच्या आठवणीचा, लाखो लोक येतात. पंजाबात ते दुःखाचे दिवस असतात, जायचं तर त्यासाठीच जावं, जाताजाता म्हणून नको. फेब्रुवारी पकडा, हवा मस्त असते.

गाडीचं म्हणाल तर नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस तुमच्या जालन्यातूनच जाते की. दीड दिवसाचा प्रवास आहे पण वाटेत काही स्टेशनांवर सेवादार लंगर घेऊन उभे असतात, ताट-वाटी आपली न्यायची. बाबांना ते फार आवडेल बघा.

लुधियानात_सध्या
नोकरीमुळे इकडेच असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. यादी अर्धी करा. पटियाला काढा, फतेहगढ पण पुढच्या वेळी. अमृतसरला मुक्काम ठेवा आणि तिथूनच जाऊन-येऊन करा. दरबार साहिब म्हणजे सुवर्णमंदिर, त्याच्या जवळच शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या सराया (यात्रेकरूंच्या धर्मशाळा) आहेत, ऑनलाइन बुकिंग होतं, शनिवार-रविवार टाळा कारण पंजाबातलेच लोक खूप येतात.

तरनतारन, खडूर साहिब, गोइंदवाल हे तिन्ही एका दिवसात टॅक्सीने आरामात होतं. फक्त गोइंदवालच्या बावडीला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, ८४ पायऱ्या आहेत, लोक प्रत्येक पायरीवर जपुजी (गुरू नानकांची प्रार्थना) म्हणत स्नान करत वर येतात, आईंनी तो हट्ट करू नये, वर गुरुद्वाऱ्यात बसून कीर्तन ऐकावं.

घुमानला मात्र पूर्ण दिवस द्या. आपले लोक येतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात गाडीत बसतात, मला ते बघून वाईट वाटतं. गुरुदासपूर जिल्ह्यातलं साधं गाव आहे, २०१५ चं ८८ वं साहित्य संमेलन तिथेच झालं होतं. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, तिकडची माणसं त्यांना भगत नामदेवजी म्हणतात आणि पंढरपूरहून आलोय म्हटलं की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा, आपण समाधी पंढरपूरच्या पायरीपाशी मानतो, तिथले लोक घुमानला मानतात. तिथे वाद घालण्यात काही अर्थ नाही, दोन्हीकडे श्रद्धा खरीच आहे. आईंना अभंग येत असतील तर तिथे बसून दोन म्हणू दे.

अबोली_नाशिक
पाळायचं काय ते मी सांगते. डोकं झाकलेलं पाहिजे, आईंचा पदर चालतो पण सारखा घसरतो म्हणून ओढणी घ्या, बाबांना टोपीऐवजी मोठा रुमाल. चपला जोडाघरात द्यायच्या, पाय धुऊन आत जायचं. प्रसाद आणि लंगरची पोळी दोन्ही हातांनी घ्यायची, ताटात टाकून उठायचं नाही. आणि तंबाखू अजिबात नाही हं, नुसती खायची नाही असं नाही, खिशात पुडी पण नको. शीख धर्मात ती कडक वर्ज्य आहे. काकांना घरूनच नीट सांगा, तिथे कुणी टोकलं तर त्यांनाच लाजल्यासारखं होईल.

रात्री पालखी चुकवू नका, ग्रंथसाहिब दरबार साहिबातून समोरच्या अकाल तख्तला, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठात, नेतात. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, सरायीत विचारून घ्या. वारकऱ्यांना ते वेगळं समजवावं लागत नाही.

जालन्याची_लेक
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! फेब्रुवारी पक्का. बाबांना तंबाखूचं वाचून दाखवलं, हो म्हणालेत. पण आनंदपूर आणि कर्तारपूर बाबांना सोडवत नाहीयेत, त्याचं काय करू?

लुधियानात_सध्या
आनंदपूर ठेवाच, १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना जिथे झाली ती जागा आहे. शेवटी ठेवा, अमृतसरहून टॅक्सीने चार-एक तास, एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी विरासत-ए-खालसा म्युझियम बघा, सोमवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा. तिथला मुख्य गुरुद्वारा तख्त केसगढ साहिब टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत, आईंना सकाळी ऊन चढायच्या आत हळूहळू न्या. तिथून वंदे भारत दिल्लीला जाते, पुढे दिल्लीहून परत सचखंड पकडा.

कर्तारपूरचा गुरुद्वारा पाकिस्तानात आहे, तिथे जायचा कॉरिडॉर नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला पण मे २०२५ पासून भारताच्या बाजूने बंद केला. सुरू असला तरी पासपोर्ट आणि आधी ऑनलाइन नोंदणी लागते, त्यामुळे निघायच्या महिनाभर आधी चौकशी करा आणि त्याच्या भरवशावर एकही दिवस अडकवू नका. काकांच्या मनात फारच असेल तर घुमानच्या दुसऱ्या दिवशी डेरा बाबा नानकला जा, गुरू नानकांच्या नावाचंच गाव आहे, पलीकडे रावी आणि तिच्यापुढे कर्तारपूर.

भटका_विदर्भी
आणि सचखंडचं रिझर्व्हेशन उघडल्या उघडल्या करा ताई, दोघांसाठी लोअर बर्थ मागा, ती गाडी बाराही महिने फुल्ल असते.