सिंगापुरात एवढी गर्दी, तरी माणसं कमी कशी?

शुभदा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्याला सिंगापूरला नोकरी लागलीये, एम्प्लॉयमेंट पासवर (चांगल्या पगाराच्या नोकरीचा परवाना), पुढच्या महिन्यात निघेल. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटपली की मी त्या देशाबद्दल वाचत बसते आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो. देश केवढा, तर ७३५ चौ. किमी.च्या आसपास, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षा थोडासाच मोठा. त्यात २०२४ च्या जूनमध्ये ६० लाख ४० हजार माणसं, चौरस किलोमीटरला आठ हजारांच्या वर. पैसा एवढा की जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांत नाव, आणि तिथलं सरकार म्हणतंय काय, तर माणसं कमी पडतायत, मुलं होऊ द्या, आम्ही पैसे देतो. मी लोकलमधून उतरताना माणसांच्या रेट्याने बाहेर फेकली जाणारी बाई, मला "माणसं कमी" हे कळतच नाहीये.

दुसरं, एका ठिकाणी ६० लाख लिहिलंय, दुसरीकडे ४२ लाख, तिसरीकडे ३६ लाख. तिन्ही सरकारीच, आणि एकाच वर्षाचे. खरा कुठला? आणि माझा मुलगा यातल्या कुठल्या आकड्यात जाणार? तिथे राहणाऱ्या कोणी सांगितलं तर बरं होईल.

सेंगकांगची_वैशाली

शुभदाताई, मी इथे सतरा वर्षं आहे, आधी डिपेंडंट पासवर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणारा परवाना) आले, मग पीआर (कायमचे रहिवासी) झालो, आता नागरिक, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या तिन्ही आकड्यांतून जाऊन आले म्हणा ना. तिन्ही खरे आहेत. ३६ लाख ४० हजार हे नागरिक. त्यात ५ लाख ४० हजार पीआर मिळवले की ४१ लाख ८० हजार, याला इथे "रेसिडेंट" म्हणतात. उरलेले १८ लाख ६० हजार बाहेरचे, कामाच्या नाहीतर शिक्षणाच्या पासवर आलेले आणि त्यांच्या घरचे. तुमचा मुलगा या शेवटच्या गटात. हे तीन कप्पे इथे सगळीकडे आडवे येतात, घर, शाळा, दवाखान्याचं बिल, सगळीकडे, त्यामुळे आधीच समजून घेतलेलं बरं.

आता यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही वाचलं असेलच की इथे साधारण ७४ टक्के चिनी, साडेतेरा टक्के मलाय आणि ९ टक्के भारतीय वंशाचे. हे टक्के फक्त रेसिडेंटवर काढलेले असतात. म्हणजे समोर इमारत बांधणारा तमिळनाडूचा किंवा बांगलादेशचा मुलगा, शेजारच्या आजींना व्हीलचेअरवरून बागेत नेणारी इंडोनेशियन बाई, हे त्यात नाहीतच. रविवारी लिटल इंडियात गेलात तर तुम्हाला ९ टक्के वगैरे काही दिसणार नाही, चालायला जागा नसते.

आणि हे टक्के नुसते कागदावर राहत नाहीत, घराच्या दारापर्यंत येतात. इथले जवळपास ८० टक्के रेसिडेंट सरकारी फ्लॅटमध्ये राहतात, आम्हीही. १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये आणि प्रत्येक वस्तीत कुठल्या वंशाची किती घरं असू शकतात याला मर्यादा आहे. उद्देश असा की एका वंशाचे मोहल्ले तयार होऊ नयेत, आणि ते खरंच होतं, आमच्या मजल्यावर एक मलाय कुटुंब, दोन चिनी, एक मल्याळी आणि आम्ही, ईदला रेंदांग (मसालेदार मटण) येतं, आम्ही दिवाळीला चकल्या देतो. पण त्याची किंमत कोणाला पडते तेही सांगते. खालच्या मजल्यावरच्या एका तमिळ काकांना घर विकायचं होतं. ब्लॉकची चिनी मर्यादा भरलेली, त्यामुळे चिनी गिऱ्हाईकाला विकता येईना, आणि घर बघायला येणारे दहातले आठ चिनीच. लिफ्टमध्ये भेटले की काका विचारायचे, तुमच्या महाराष्ट्र मंडळात कोणी घर शोधतंय का बघा ना. शेवटी कमी किमतीला दिलं. मला ही पद्धत असावीच असं वाटतं, मोडली तर दहा वर्षांत वस्त्या वेगळ्या होतील, पण तिचा भार कायम अल्पसंख्याकांच्याच खिशावर पडतो हेही तितकंच खरं आणि ते बोललं पाहिजे.

वसंत_पाटणकर

शुभदाताई, माणसं कमी कशी, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. मी कॉलेजात भूगोल शिकवायचो, लोकसंख्येच्या धड्याला हा देश हमखास घ्यायचो.

१९६५ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकसंख्या १९ लाखांच्या आत, आणि एका बाईला सरासरी साडेचारच्या वर मुलं. बेकारी, झोपड्या, पाणीसुद्धा मलेशियातून. त्यामुळे १९६६ मध्ये कुटुंब नियोजन मंडळ आलं आणि १९७२ पासून "दोनवर थांबा" अशी मोहीम. आपल्याकडे "आम्ही दोघं आमचे दोन" भिंतींवर रंगवलं जात होतं तेच दिवस, फरक इतकाच की तिथे भिंतीवर थांबले नाहीत. पुढच्या मुलांना सरकारी दवाखान्यात बाळंतपणाची फी चढत जायची, तिसऱ्यापासून पगारी बाळंतपणाची रजा बंद, शाळेच्या प्रवेशात मागचा नंबर, आणि आईबापापैकी एकाने नसबंदी करून घेतली असेल तर पुढचा. १९७५ मध्येच जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.१ च्या खाली गेला. लोकसंख्या स्वतःच्या बळावर टिकायला जेवढा लागतो त्याच्या खाली. पण मोहीम बदलली कधी? १९८७ मध्ये! मधली बारा वर्षं गाडी ब्रेकवर पाय ठेवूनच उताराला लागली होती. तेव्हा नवी घोषणा आली, तीन किंवा जास्त होऊ द्या, परवडत असेल तर.

मधल्या काळात एक फार वाईट वळण येऊन गेलं. १९८३ मध्ये पंतप्रधान ली कुआन यू यांनी भाषणात म्हटलं की शिकलेल्या बायका लग्नं करत नाहीत, त्यांना मुलं कमी होतात, याने देशाचं नुकसान होईल. पुढच्या वर्षी पदवीधर आयांच्या मुलांना शाळेत प्राधान्य देणारी योजना आली. लोक इतके चिडले, ज्यांना फायदा होता त्या पदवीधर बायकाही चिडल्या, की १९८५ मध्ये ती मागे घ्यावी लागली. कोणी जन्माला यावं आणि कोणी येऊ नये हे सरकारने ठरवायला जाणं, हे मला आजही त्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात चुकीचं पान वाटतं.

आता २००१ पासून बाळासाठी रोख पैसे देतात, सध्या पहिल्या-दुसऱ्याला ११ हजार सिंगापूर डॉलर आणि तिसऱ्यापासून १३ हजार. तरी २०२३ मध्ये जननदर ०.९७ वर आला, पहिल्यांदाच एकाच्या खाली. २०२४ तर चिनी पंचांगात ड्रॅगनचं वर्ष, शुभ मानतात, १९८८ च्या ड्रॅगनला जन्म चांगले वाढले होते. यावेळी आकडा तिथेच, ०.९७. फी वाढवून मूल नको म्हणायला लावता येतं, पैसे देऊन हवं म्हणायला लावता येत नाही असं दिसतंय.

म्हणून बाहेरून माणसं आणावी लागतात. गर्दी आणि टंचाई दोन्ही एकदम आहे ती अशी, ताई.

प्रसन्न_साइटवाला

वसंतकाका, छान लिहिलंत, पण "बाहेरून माणसं आणावी लागतात" हे एका वाक्यात उरकलंत त्यावर मला थोडं बोलायचंय. मी तिथे बांधकामावर नऊ वर्षं इंजिनिअर होतो, आता नाशिकला आहे.

ते जे १८ लाख ६० हजार आहेत ना, त्यात शुभदाकाकूंच्या मुलासारखे एम्प्लॉयमेंट पासवाले दहातला एक. निम्म्याहून जास्त वर्क परमिटवाले (कमी पगाराच्या, अंगमेहनतीच्या कामांचा परवाना) आणि घरकाम करणाऱ्या बायका, नुसत्या घरकामाच्या बायकाच तीन लाखांच्या आसपास. वर्क परमिटवाल्याला बायकोमुलं आणता येत नाहीत, पीआर मिळत नाही, सिंगापूरच्या नागरिकाशी लग्न करायचं तर आधी सरकारची परवानगी. घरकामाच्या बाईची दर सहा महिन्यांनी तपासणी होते त्यात गरोदर आहे का हेही बघतात, असेल तर परत पाठवणी. म्हणजे बघा, देशात मुलं नाहीत म्हणून सरकार डॉलर वाटतंय, आणि त्याच देशात लाखो तरुण बायका अशा आहेत की त्यांनी मूल होऊ देऊ नये हीच अट. हे दोन्ही एकत्र ठेवून बघितल्याशिवाय तिथली लोकसंख्या कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

२०२० मध्ये मी तिथेच होतो. वसतिगृहांमध्ये तीन लाखांवर कामगार राहायचे, एका खोलीत बारा, सोळा, कुठे वीस. करोना तिथे वणव्यासारखा पसरला. रोज संध्याकाळी आकडे यायचे आणि ते दोन यायचे, समाजातले वेगळे, वसतिगृहांतले वेगळे. कारण असेल, साथीचा माग काढायला वेगळे लागत असतील, पण माझ्या टीममधल्या पुदुकोट्टईच्या एका फोरमनने मला फोनवर विचारलं होतं, सार, आम्ही समाजात नाही का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी देशाची लोकसंख्या ५६ लाख ९० हजारांवरून ५४ लाख ५० हजारांवर उतरली. कोणी मेलं म्हणून नाही, कामं थांबली आणि परमिटवाले परत गेले म्हणून. आपल्याला खानेशुमारीचा आकडा म्हणजे डोंगरासारखा एका जागी बसलेला वाटतो, तिथे त्यातला तिसरा हिस्सा कामासोबत येतो आणि कामासोबत जातो.

तरी तिथल्या लोकांनाही दोष देत नाही. २०१३ मध्ये सरकारने २०३० पर्यंत लोकसंख्या ६९ लाखांपर्यंत जाऊ शकते असं छापलं तेव्हा होंग लिम पार्कात निषेधाला हजारो लोक जमले होते, आणि ज्या देशात मोर्चे जवळपास निघतच नाहीत तिथे ही फार मोठी गोष्ट. मेट्रोत उभं राहायला जागा नाही, घरं महाग, मग राग येणारच ना.

शुभदा_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रसन्न, तुमच्या त्या फोरमनचं वाचून बराच वेळ पुढे काही वाचवेना. वैशाली, आता आईचे प्रश्न. याला तिथे घर कसं मिळेल, आणि आम्ही दोघं पुढे मागे त्याच्याकडे राहायला जाऊ शकू का? आणि तिथले म्हातारे कसे राहतात गं?

सेंगकांगची_वैशाली

ताई, घर भाड्याने घेताना पुन्हा टक्केच. सरकारी फ्लॅट पूर्ण घ्यायचा असेल तर परदेशी भाडेकरूंची मर्यादा असते, वस्तीत ८ टक्के आणि ब्लॉकमध्ये ११, मलेशियन सोडून. सुरुवातीला त्याने नुसती खोली घ्यावी, तिला ही मर्यादा नाही, सहा महिन्यांपेक्षा कमी करार होत नाही तेवढं लक्षात ठेवा. आईवडिलांना लाँग टर्म पासवर (लांब मुक्कामाचा परवाना) ठेवायचं तर त्याचा महिन्याचा पगार कमीत कमी १२ हजार डॉलर लागतो. तोपर्यंत व्हिजिटवर येऊन जा. पुढे तो पीआर झाला आणि त्याच्या मुलालाही पीआर मिळाला तर त्या मुलाला मोठेपणी दोन वर्षं सक्तीच्या सेवेत, बहुतेक सैन्यात, जावं लागेल हेही आत्ताच कानावर घालते, माझा मोठा पुढच्या वर्षी जाणार आहे. मी अभिमानाने पाठवणार आहे, पण रात्री झोप लागत नाही.

म्हाताऱ्यांचं म्हणाल तर २०२४ मध्ये नागरिकांमध्ये पाचात एक ६५ च्या पुढचा होता, २०३० ला चारात एक होईल. ते डोळ्यांना दिसतं. धाकटीची प्राथमिक शाळा पोरं कमी म्हणून दुसऱ्या शाळेत मिसळली, २०१९ मध्ये तर आठ ज्युनिअर कॉलेजांची चार केली होती. आणि आमच्या ब्लॉकखाली, जिथे आधी पोरांच्या सायकली असायच्या, तिथे आता ज्येष्ठांचं केंद्र आहे, सकाळी नऊला खुर्चीवर बसून व्यायाम सुरू असतो, मी ऑफिसला जाताना हात हलवते. बरेच जण सत्तरीतही काम करतात, काही आवडीने, काही गरजेने. आमच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांची जागा) एक चिनी आजी टेबलं पुसते, पाठ पार वाकलीये. परवा मी तिला बस म्हटलं, चहा घे, तर म्हणाली बारा वाजेपर्यंत उभं राहायचं ठरवलंय, बसले तर परत उठवत नाही. मग मीच तिच्याबरोबर दोन टेबलं पुसली.

मुलाचं ऑफिस कुठल्या भागात आहे ते कळवा, त्या लाइनवरच्या खोल्या मी आणि माझा नवरा रविवारी बघून ठेवतो.