बी.एड. महाविद्यालयातील सांघिक खेळांचा हंगाम: विद्यापीठासाठी निवडक संघ की सर्वांसाठी अंतर्गत साखळी? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी साताऱ्यातील एका बी.एड. महाविद्यालयात भूगोलाची अध्यापनपद्धती शिकवते आणि यंदापासून क्रीडा विभागाचे कामही माझ्याकडे आले आहे. वार्षिक नियोजनाच्या बैठकीपूर्वी सांघिक खेळांच्या हंगामाचा आराखडा मला प्राचार्यांपुढे ठेवायचा आहे. शाळेत असताना मी खो-खो खेळले आहे, परंतु हंगाम आखण्याचा अनुभव मला नाही. ज्यांनी अध्यापक महाविद्यालयात किंवा शाळेत हे काम केले आहे, त्यांचे मत हवे आहे.

आमच्याकडे प्रथम वर्षाची प्रवेशक्षमता 100 आहे आणि त्यांत साधारण तीन चतुर्थांश मुली असतात. मुली म्हणते खरे, पण वय एकविसापासून पस्तिशीपर्यंत असते; काहींची लग्ने झालेली असतात, काहींची लहान मुले घरी असतात, आणि निम्म्याहून अधिक जणी कोरेगाव, रहिमतपूर, वाई, मेढा या बाजूंनी एसटीने येऊन-जाऊन शिकतात. शाळेत जिल्हा पातळीवर खेळलेली एखादी छात्राध्यापिका आणि दहावीनंतर मैदानात पाऊलही न टाकलेली तिची मैत्रीण एकाच बाकावर बसलेल्या असतात.

आजवरची पद्धत अशी की, मुलींचा खो-खोचा आणि मुलांचा व्हॉलीबॉलचा किंवा कबड्डीचा संघ जुळवून शिवाजी विद्यापीठाच्या सातारा विभागीय स्पर्धेला पाठवायचा. विभागीय स्पर्धेतून आंतरविभागीय, तेथून विद्यापीठाचा संघ आणि मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ती चढण आहे. मात्र आमच्या संघाची गाठ ज्या वरिष्ठ महाविद्यालयांशी पडते, त्यांचे खेळाडू तीन-तीन वर्षे एकत्र सराव करत असतात. शिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयोमर्यादा असल्यामुळे तिशी ओलांडलेल्या चांगल्या खेळाडूला वरची वाट बंदच असते.

खरी अडचण वेळेची आहे. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, त्यामुळे हाताशी वेळ आला असे बाहेरून वाटते, पण दुसऱ्या वर्षी 16 आठवड्यांची शालेय इंटर्नशिप असते आणि तिथे 90 टक्के उपस्थिती बंधनकारक असते. एरवीच्या अभ्यासक्रमाला ती 80 टक्के आहे. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूला सरावासाठी आणि स्पर्धेसाठी सोडायचे, तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे रदबदली करावी लागते आणि उपस्थितीचा हिशेब मांडत बसावे लागते. पहिल्या वर्षाचे पाहावे तर प्रवेशफेऱ्या लांबत जातात. वर्ग भरून ओळखपत्रे होईपर्यंत विभागीय स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात. त्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमचे मैदान चिखलाचे असते. कमी पावसाच्या दहिवडीकडून आलेल्या विद्यार्थ्यांना पावसामुळे सराव रद्द होतो याचेच आधी नवल वाटते.

म्हणून माझा विचार असा आहे की, हंगामाचा मुख्य भाग दिवाळीनंतर न्यावा आणि प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांची अंतर्गत साखळी स्पर्धा घ्यावी. शंभर जणांचे सहा गट करायचे आणि त्यांना जिल्ह्यातील गडांची नावे द्यायची: अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड, वासोटा, कल्याणगड, वैराटगड. प्रत्येक गटात बारा-तेरा मुली येतील, म्हणजे खो-खोचे नऊ खेळाडू आणि तीन राखीव सहज बसतात. सहा संघांच्या साखळीत 15 सामने होतात. बाद पद्धतीने पाचच सामन्यांत काम आटोपते हे मला कळते, पण मग निम्मे संघ पहिल्याच दिवशी घरी जातात आणि ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच प्रेक्षक होतात.

यामागे आणखी एक हेतू आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण शाळेत मराठी, गणित किंवा विज्ञान शिकवणार आहेत. परंतु लहान शाळेत रुजू झाल्यावर, क्रीडाशिक्षक नसल्यास, तालुका स्पर्धेचा संघ नव्या शिक्षकाच्याच हाती येतो हे आपण सारेच जाणतो. अशा वेळी मैदान आखता येणे, पंचगिरी करता येणे आणि गुणपत्रक लिहिता येणे हे त्यांच्या उपयोगाचे आहे. विभागीय स्पर्धेतील एका पराभवातून हे बारा जणींनाही शिकायला मिळत नाही, उरलेल्यांची तर गोष्टच सोडा.

आता माझ्या शंका सांगते. प्रत्येक गटात मुले चार किंवा पाचच येतात. त्यांचा कबड्डीचा सात जणांचा किंवा व्हॉलीबॉलचा सहा जणांचा संघ होत नाही. त्यांचे काय करावे? खो-खोच्या पूर्ण सामन्यात 9 मिनिटांची चार सत्रे असतात. संध्याकाळच्या एसटीची वेळ पाहता एका दिवशी तीन सामने बसवायचे तर सत्र 5 मिनिटांचे केले, तर खेळाचा कस जाईल का? ज्यांना प्रकृतीमुळे धावणे जमणार नाही, त्यांच्या सहभागाचे मूल्यमापन खेळणाऱ्यांच्या बरोबरीने कसे करावे?

सहकाऱ्यांपैकी काहींचा आक्षेप असा आहे की, साखळीच्या नादात विद्यापीठाची स्पर्धा सोडली तर खरोखर गुणी असलेल्या चार-पाच जणांची संधी जाते. हा आक्षेप मला रास्त वाटतो, त्याचे उत्तर मात्र सुचलेले नाही.

—

प्रतिसाद: कृष्णाकाठ, सांगली

मॅडम, मी माध्यमिक शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालो असून खो-खोचा पंच म्हणूनही काम केले आहे. साखळीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांचा प्रश्न सोपा आहे. दोन-दोन गटांची मुले एकत्र करून व्हॉलीबॉलचे तीन संघ करा. प्रत्येकात आठ-नऊ जण येतील, तीनच सामने होतील आणि मिळालेले गुण दोन्ही गटांच्या खाती लिहा. कबड्डीला हात घालू नका. सराव नसलेल्या तिशीच्या माणसाने मुरमाड मैदानावर पकड करायला जाणे म्हणजे गुडघ्याला आमंत्रण आहे.

सत्र 5 मिनिटांचे जरूर करा, परंतु चारही सत्रे ठेवा. सत्रे कमी केली तर प्रत्येक संघाला आक्रमण आणि संरक्षण एकेकदाच मिळते आणि पहिल्या डावातील चूक दुसऱ्या डावात सुधारता येत नाही. नवख्या संघात पाठलाग करणारीला खो वेळेवर देता येत नाही, ती स्वतःच धावत सुटते. हे मध्यंतरात सांगून पुढच्या सत्रात लगेच दुरुस्त झालेले मी अनेकदा पाहिले आहे. खेळाडू उकिडवे बसून झटकन उठतात, म्हणून घोटे आणि मांड्या मोकळ्या करण्याचे व्यायाम आधी घ्या. खांब गुळगुळीत आहेत ना, हे स्वतः हात फिरवून पाहा.

न धावणाऱ्यांविषयी म्हणाल, तर सामन्याला दोन पंच, सरपंच (म्हणजे मुख्य पंच), वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात. एका दिवशी तीन सामने एकाच मैदानावर एकामागून एक होणार असतील, तर पहिल्या सामन्याचे अधिकारी तिसऱ्या सामन्यातील गटांनी पुरवावेत, पुढच्या सामन्यांचे आधी खेळून झालेल्यांनी. खो-खोचे गुणपत्रक नीट लिहिणे सोपे नाही. कोणती संरक्षक किती वेळ टिकली आणि कोणी बाद केली याची नोंद अचूक लागते. ते गुणपत्रक तपासून गुण द्या, म्हणजे बसून काम करणारीलाही आयते गुण मिळाले असे कोणी म्हणणार नाही. फक्की मारून 27 बाय 16 मीटरचे मैदान आखणे हेही प्रत्येक गटाकडून एकदा करून घ्या. मोजपट्टीने काटकोन साधताना गणिताचे विद्यार्थी पुढे सरसावतात, असा माझा अनुभव आहे.

गुणी खेळाडूंबाबत सांगायचे तर, यंदाच्या साखळीतून पुढच्या वर्षीचा संघ जानेवारीतच निवडून ठेवा. इंटर्नशिपसाठी शाळांचे वाटप होण्यापूर्वी ही नावे हाती असतील, तर त्यांना शक्यतो एकाच शाळेत किंवा जवळच्या शाळांत नेमता येईल आणि शाळा सुटल्यावर त्याच मैदानावर सराव होईल.

—

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर, मनःपूर्वक आभार. शाळांचे वाटप आणि संघनिवड एकमेकांशी जोडता येईल हे माझ्या लक्षातच आले नव्हते. वाटपाचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांशी मी उद्याच बोलते. मात्र एक अडचण राहते. इंटर्नशिपच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या विषयानुसार मार्गदर्शक शिक्षक असावे लागतात, आणि एकाच विषयाच्या चार-पाच जणी एका शाळेत पाठवल्या तर त्यांना पुरेसे तास मिळणार नाहीत. निरनिराळ्या विषयांच्या खेळाडू एकत्र आल्या तरच हे जमेल. सांगली किंवा कोल्हापूरकडील एखाद्या अध्यापक महाविद्यालयाने अशी नेमणूक करून पाहिली असल्यास, त्यांनी तासांची विभागणी कशी केली हे कृपया येथे लिहावे.